कोचने बापाला विचारलेला प्रश्न

दोष काढायचा मला पगार मिळतो. दोहाच्या औद्योगिक भागात एका यार्डात पाइपांचं वेल्डिंग चालतं. एक जोड पुरा झाला की मी बॅटरी आणि भिंग घेऊन त्याच्या मागे लागतो. कुठे बारीक भोक राहिलंय, कुठे कड खाल्ली गेलीय ते शोधायचं, पिवळ्या खडूने गोल करायचा आणि रिपोर्टात लिहायचं. बावीस वर्षं हेच करतो आहे. मी लांबून येताना दिसलो की वेल्डर आपसात काहीतरी बोलतात. काय बोलतात ते मी विचारत नाही. जोड चांगला असेल तर रिपोर्टात काहीच लिहायचं नसतं, खाली नुसती सही करायची असते.

हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात ह्या सवयीचा हात आहे. माझी मुलगी फुटबॉल खेळते, आणि त्यातही गोलकीपर आहे.

ती अकरा वर्षांची असताना आम्ही अल मुंतझामधली दोन खोल्यांची जागा सोडून अल अझीझियाला आलो. नव्या घराजवळ मुलींच्या एका क्लबचं मैदान होतं. पहिल्या दिवशी यार्डातून यायला मला उशीर झाला. आम्ही पोचेपर्यंत बाकीच्या मुलींनी आपापल्या जागा धरल्या होत्या, गोल तेवढा रिकामा होता. तिला तिथे उभं केलं आणि ती तिथेच राहिली. इतर आईबाप मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून करक चहा पीत बसायचे. मी गोलच्या मागे, जाळीला लागून उभा राहायचो. सहा वर्षं उभा राहिलो. घरी येताना गाडीत मी तिला काय चुकलं ते सांगायचो. बहुतेक वेळा ते एकच असायचं: डाव्या बाजूला झेप घ्यायला तू उशीर करतेस, पाय आधी हलत नाही. काय बरोबर जमलं ते सांगायला वेळ उरायचा नाही, कारण मैदानापासून घर पाच मिनिटांवर होतं. निदान मी स्वतःला असं सांगत असे.

क्लबची कोच ट्युनिशियाची. तोंडाने तिखट, दर वाक्याला यल्ला, म्हणजे चला. मुलगी अकरावीत गेली तेव्हा तिने आम्हा दोघांना बोलावून सांगितलं की ही अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजच्या टीममध्ये जाऊ शकेल, प्रयत्न करा. माझी बायको अल मुंतझातल्या एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन आहे. तिला वाटलं, बाई आपलं मन राखायला बोलतेय. आमच्या सांगलीकडे कॉलेज मिळतं ते टक्क्यांवर. खेळाचे मिळाले तर चार ग्रेस मार्क मिळतात, तेही दहा जणांच्या सह्या आणल्यावर.

मुलीने मात्र सगळं आधीच वाचून ठेवलं होतं. तिने मला समजावलं, ती इंग्रजीत आणि मी मराठीत. आमच्या घरात असंच चालतं. तिकडे कॉलेजच्या टीमला कोच असतो आणि टीममध्ये कोणाला घ्यायचं हे तोच ठरवतो. त्यासाठी लेखी परीक्षा नाही की मेरिट लिस्ट नाही. मुली चार वर्षं खेळतात आणि बाहेर पडतात. जेवढ्या बाहेर पडणार तेवढ्या जागा भरायच्या, आणि दर वर्षी येणाऱ्या ह्या नव्या बॅचला तिकडे क्लास म्हणतात. तयारी दोन-दोन वर्षं आधी सुरू होते. मुली आपले व्हिडिओ पाठवतात, कोच ते बघतात, आवडली तर पूर्ण मॅच मागवतात, घरच्यांशी बोलतात आणि मग जागा देऊ करतात. मुलीने हो म्हटलं की ती कमिट झाली. कागदावर सही होईपर्यंत हा सगळा शब्दावर चालणारा मामला.

गोलकीपरचं गणित आणखी वेगळं. टीममध्ये गोलकीपर तीन, खेळते एक. त्यामुळे एखाद्या कॉलेजात जागा निघालीच तर एक, आणि कधी कधी दोन वर्षं निघतच नाही. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. म्हणजे निम्मा प्रश्न आपल्या मुलीच्या लायकीचा होता आणि निम्मा दुसरी कुणी तिथून जाण्याचा. गल्फमधल्या नोकऱ्याही अशाच मिळतात.

तिने चाळीसेक कोचना लिहिलं. बहुतेकांकडून आभाराचं ठरावीक उत्तर आणि भरायला एक फॉर्म आला. फॉर्मात उंचीचा रकाना होता. मी तिला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि स्टीलच्या टेपने मोजलं. पाच फूट सात इंच, त्याला अर्धं सूत कमी. ती म्हणाली, सगळ्या मुली दोन इंच वाढवून लिहितात, कोचना ते माहीत असतं, म्हणून ते दोन इंच वजा करूनच वाचतात. मी खरी उंची लिहिली तर त्यांच्या लेखी मी पाच-पाच होईन. तिचं म्हणणं बिनतोड होतं. तरी मी पाच-सातच लिहायला लावलं. अर्धं सूत मी सोडलं होतं, तेवढी सूट माझ्या मते पुरेशी होती.

व्हिडिओवरून तर दोन दिवस अबोला झाला. तिने तीन मिनिटांचा व्हिडिओ केला, त्यात फक्त अडवलेले बॉल. मी म्हटलं, दोन-चार सुटलेले पण टाक. नापास जोड लपवला तर पुढच्या रिपोर्टावर कोण विश्वास ठेवेल? तिने लॅपटॉप मिटला आणि तो व्हिडिओ होता तसाच पाठवला.

मग बारावीच्या वर्षी दिवाळीच्या आसपास एका कॉलेजच्या कोचबाईंचं स्वतः लिहिलेलं उत्तर आलं. व्हिडिओ आवडला, आता एक पूर्ण मॅच काटछाट न करता पाठव. मुलीला दोन-शून्यने जिंकलेली मॅच पाठवायची होती. मी म्हटलं, अल रुवैसची पाठव. ती माझ्याकडे बघतच राहिली, कारण अल रुवैसला आम्ही चार-शून्यने हरलो होतो. कतारच्या पार उत्तर टोकाचं ते मासेमारीचं गाव. त्या दिवशी समुद्रावरून असा वारा सुटला होता की आपला बॉल आपल्याकडेच परत यायचा. पण जिंकलेल्या मॅचमध्ये गोलकीपर मॉलच्या सिक्युरिटीवाल्यासारखा नुसता उभा असतो. त्यात कोच काय बघणार? हरलेल्या मॅचमध्ये तिला नव्वद मिनिटं काम होतं. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीला मान देऊन म्हणा किंवा वाद घालायचा कंटाळा येऊन म्हणा, तिने तीच मॅच पाठवली. चार दिवसांत उत्तर आलं. तिसरा गोल झाल्यावरही ही मुलगी पुढच्या मुलींना ओरडून जागा सांगत होती, ते आम्हाला आवडलं. घरच्यांशी व्हिडिओवर बोलायचं आहे. घरात माझा भाव एकदम वधारला.

एका गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, त्यांच्याकडे सकाळी, कॉल ठरला. बायकोने मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. कोचबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. मुलीशी त्या वीसेक मिनिटं बोलल्या आणि ती छान बोलली. मग त्यांनी आम्हाला विचारलं, की मैदान सोडा, तुम्हाला तुमची मुलगी कशी वाटते ते सांगा. बायकोने टेबलाखालून मला कोपर मारलं. “तुम्हीच बोला.”

मी हसत हसत बोललो. म्हटलं, ठीक आहे, खेळते आपलं काहीतरी. डावी बाजू कच्ची आहे. गोल झाला की चिडते. घरात एक वस्तू जागेवर ठेवत नाही. अजून पुष्कळ शिकायचं आहे तिला.

आता ह्यात मी जगावेगळं काय केलं? आमच्याकडे चारचौघांत कोणी आपल्या पोराचं कौतुक करत नाही. पाहुणे आले की आपण पोराला नावं ठेवायची, म्हणायचं काही नाही हो, नुसता उंडारत असतो. मग पाहुण्यांनी म्हणायचं, छे छे, किती गुणी आहे. की मग आपण गप्प बसून चहा ओतायचा. पोराचं कौतुक होतं, पण आपल्या तोंडून होत नाही. माझ्या वडिलांनी माझ्याबद्दल असंच सांगितलं, त्यांच्या वडिलांनी त्यांच्याबद्दल. हा खेळ दोघांचा आहे. मी माझ्या बाजूने पास दिला होता, पण पलीकडे तो घ्यायचा असतो हे त्या बाईंना कोणी शिकवलंच नव्हतं. त्या गंभीरपणे मान हलवत होत्या आणि खाली बघत होत्या. मी वाट बघत थांबलो. त्या म्हणाल्या, प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहे.

कॉल संपला.  मुलगी म्हणाली, “बाबा, शी वॉज रायटिंग इट डाउन.”

तीन आठवड्यांनी ई-मेल आला. भाषा सभ्य होती. त्यांनी दुसरी गोलकीपर घेतली होती. माझ्यामुळे जागा गेली का, हे मला आजही माहीत नाही. कदाचित तिच्या पुढे आणखी चार नावं असतील. कारण सिद्ध झाल्याशिवाय मी रिपोर्टात लिहीत नाही, पण घरात तो नियम चालत नाही. बायकोला काडीची शंका नव्हती.  पुढच्या प्रॅक्टिसला गाडीतून उतरताना मुलीने सांगितलं की आजपासून गोलच्या मागे उभा राहू नकोस, तिकडे खुर्च्यांवर बस. मी खुर्चीवर जाऊन बसलो. शेजारच्या केरळी गृहस्थांनी मला करक आणून दिला. मला फार वाईट वाटलं. चहा मी तसाच ठेवला.

फेब्रुवारीत त्या कॉलेजने आपला नवा क्लास जाहीर केला. मी यार्डात जेवणाच्या सुट्टीत वेबसाइट उघडून बघितली आणि मग रोजच बघत राहिलो. नऊ मुली. प्रत्येकीचा फोटो, उंची, गाव, जुनी टीम. उंच्या बघून मला हसू आलं. पाच-नऊच्या खाली एकही नाही, आणि ग्रुप फोटोत मात्र सगळ्या कोचबाईंच्या खांद्याला. दुसऱ्या एका साइटवर त्याच क्लासला स्टार देऊन नंबर लावला होता. हे स्टार देणारे कोण, त्यांनी किती मॅच बघितल्या, याचा पत्ता नाही. आमच्या धंद्यात पाण्याचा दाब देऊन बघितल्याशिवाय पाइपाला कोणी चांगला म्हणत नाही. इथे पहिला बॉल मारण्याआधीच निकाल लागला होता. ह्यातल्या कोण चार वर्षं टिकणार, कुणाचा गुडघा जाणार, कोण घरच्या आठवणीने पहिल्याच थंडीत परत येणार, ते कळायला चार वर्षं लागणार. तोवर क्लास चांगला की वाईट हे सांगणं म्हणजे कुंडली मांडण्यातलाच प्रकार. हे सगळं मला पटत होतं, तरी मी दुपार दुपार नऊ मुलींना पिवळ्या खडूने गोल करत बसलो होतो. त्यांच्या गोलकीपरचा व्हिडिओ मी सतरा वेळा बघितला. डावी बाजू तिचीही कच्ची होती.

प्रत्येक फोटोखाली घरच्यांचं एक वाक्य होतं. पहिल्या मुलीचे वडील म्हणत होते की ही जन्मतःच नेता आहे. दुसरीच्या आईने लिहिलं होतं की हिच्याइतकं कष्टाळू मूल आम्ही पाहिलं नाही. नऊच्या नऊ घरांत एकालाही आपल्या मुलीत खोट सापडली नव्हती. आधी मला ते हास्यास्पद वाटलं. मग गोलकीपरच्या बापाचं वाक्य वाचलं. त्याने लिहिलं होतं, तिचा खेळ बघणं हा माझ्या आठवड्यातला सगळ्यात चांगला वेळ असतो. बस, एवढंच. मी डबा झाकून ठेवला. हे वाक्य माझंही होतं, सहा वर्षं होतं, आणि मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

बारावीची परीक्षा संपता संपता एका दुसऱ्या, लहान कॉलेजचा ई-मेल आला. तिकडे मुली मध्येच एक कॉलेज सोडून दुसऱ्या कॉलेजच्या टीममध्येही जाऊ शकतात. ह्यांची दुसऱ्या नंबरची गोलकीपर तशी गेली होती आणि ऑगस्टच्या आत जागा भरायची होती. कोच एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनाही घरच्यांशी बोलायचं होतं. मुलीने जाहीर केलं की ह्या वेळी आई बोलेल. बायकोने आठवडाभर पोळ्या लाटताना इंग्रजी वाक्यांची उजळणी केली. आणि नेमका कोचने कॉल एक दिवस अलीकडे घेतला, तेव्हा ती क्लिनिकमध्ये ड्युटीवर होती. मुलगी मला म्हणाली, की तू नुसता बस, हसत राहा, शक्यतो काही बोलू नकोस.

मी बसलो. हसतही राहिलो. शेवटी कोचने विचारलंच, की तुम्हाला तुमची मुलगी कशी वाटते. मुलीने मान खाली घातली. मी तिच्याकडे न बघता माझ्या ऑफिसच्या इंग्रजीत त्यांना अल रुवैसची गोष्ट सांगितली. चार गोलांतला दुसरा गोल आमच्याच एका मुलीने घातला होता. ती मागे न बघता गोलकीपरला बॉल द्यायला गेली आणि तो वाऱ्याबरोबर सरळ जाळीत गेला. ती पोर तिथेच खाली बसून रडायला लागली. माझी मुलगी गोल सोडून धावत गेली, तिला हाताला धरून उठवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, चूक माझी, मी हाक द्यायला हवी होती. मी कोचना सांगितलं, की ती खोटं बोलली. मी जाळीच्या मागे उभा होतो. तिने हाक दिली होती, एकदा नाही, दोनदा. त्या पोरीने ऐकली नाही. मी लोकांच्या चुका शोधून पोट भरतो आणि खोट्या रिपोर्टावर कधी सही करत नाही. पण तिचं ते खोटं मी आजवर कोणापुढे उघड केलं नव्हतं. ज्या टीमच्या गोलमध्ये ही उभी असेल, त्या टीमची काळजी मी करणार नाही.

 कोच थँक यू म्हणाले, आठवड्याभरात कळवतो म्हणाले, आणि कॉल संपला.

मुलीने लॅपटॉप मिटला. ती माझ्याशी मराठीत बोलली, आणि ते महिनोन्‌महिने झालं नव्हतं.

“तुला ऐकू आलं होतं?”

“हो.”

“मग तेव्हा गाडीत का नाही बोललास?”

अल रुवैसहून आमचं घर सव्वा तासावर आहे. पाच मिनिटांची सबब तिथे चालणार नव्हती. त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी काय बोललो होतो ते मला चांगलं आठवत होतं, आणि तिलाही आठवत असणार. सव्वा तासातला बराचसा वेळ मी डाव्या बाजूबद्दल बोललो होतो. मी म्हटलं, “चुकलं माझं.” हे वाक्य मी तिला पहिल्यांदाच म्हणत होतो. ती ओके म्हणाली आणि कपडे बदलायला गेली. त्या संध्याकाळी प्रॅक्टिसला मी खुर्च्यांकडे न जाता गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिने वळून बघितलं, पण जा म्हणाली नाही.

आठवड्याने जागा मिळाली. फीमध्ये बरीचशी सूट होती. बायकोने अल मुंतझातून पेढे आणले आणि ट्युनिशियाच्या कोचला नेऊन दिले. तिने दोन खाल्ले आणि मुलीला म्हणाली, आता खलास, रडायचं नाही, यल्ला, बॉल घे.

मेच्या शेवटी त्या कॉलेजने आपला नवा क्लास जाहीर केला. मी यार्डात जेवणाच्या सुट्टीत वेबसाइट उघडली. सात मुली. ह्या वेळी मी खडू खाली ठेवून वाचायचं ठरवलं होतं. एक जन्मतःच नेता होती, एक कुटुंबाचा अभिमान होती, एकीच्या घरच्यांना तिच्या जिद्दीपुढे शब्द सापडत नव्हते. सगळ्यात शेवटी आमची. उंची पाच फूट सात. त्याखाली घरच्यांच्या वाक्याची जागा होती. कॉलेजने आम्हाला काही विचारलं नव्हतं, म्हणजे ती तिनेच भरली होती.

तिथे लिहिलं होतं: ‘माझे बाबा म्हणतात, माझी डावी बाजू अजून कच्ची आहे.’

ह्या कोचना मी डाव्या बाजूबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.